दादा, पिठीवरून राहिलेलं भांडण

दादा, तुझं सुतक अजून फिटलेलं नाही आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे. समोर बसून भांडायची सोय तू ठेवली नाहीस, म्हणून कागद घेतला. येणारे-जाणारे सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतात. तांडेल म्हणजे देवमाणूस, त्याच्या पडावातून उतरताना कुणा म्हाताऱ्याच्या पायाला पाणी लागलं नाही, असं काय काय. मी मान हलवत ऐकतो. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललेलं असतं, की जाता जाता हे कुत्रं तू माझ्या गळ्यात बांधून गेलास.

ती आली कशी, हे तू नेहमी तुझ्या सोयीनं सांगायचास. आज मी सांगतो, मधे बोलायला तू नाहीस. कुणा साहेबाची मड्डम इथलं बिऱ्हाड मोडून मुंबईला निघाली होती, तिथून पुढे विलायतेला. आगबोट आपल्या बंदरात धक्क्याला लागत नाही, लांब खोल पाण्यात उभी राहते, आणि उतारूंना तिथवर पोचवायचं काम तुझ्या पडावाचं. मड्डमच्या हातात एक वेताची टोपली होती. त्या दिवशी पाण्याला हेलकावा होता. आगबोटीच्या शिडीवर पाय ठेवायच्या आधी तिनं टोपली तुझ्या हातात दिली, "सांभाळ" म्हणाली आणि वर चढली. तू टोपली धरून उभा राहिलास. भोंगा झाला, शिडी वर ओढली, आगबोट हलली. तू ओरडलास, तुझ्या खलाशांनी वल्ही आपटली, पण वर कुणाला ऐकू गेलं नाही. संध्याकाळी तू टोपली घेऊन माझ्या दुकानात आलास. मी शीड शिवत होतो. टोपलीतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते आणि खालचे दोन दात ओठांबाहेर आलेले.

आपलं भांडण त्याच दिवशी सुरू झालं. मी म्हटलं, "बाईनं तुला कुत्रं देऊन टाकलं. एवढ्या लांब कोण नेतंय?"

तू म्हणालास, "नाय रे सदू. मी वर चढेपर्यंत धर, असं म्हणाली ती. वस्तू तिची हाय. ती येणार न्यायला."

"ती कशाला येतेय परत?"

"आणि आली तर?"

झालं. त्या 'आली तर'पायी पुढली सगळी वर्षं तू आम्हाला नाचवलंस. परक्याची वस्तू, तिला काही होता कामा नये, मड्डमनं जशी ठेवली असती तशीच ठेवायची. मड्डमनं ती कशी ठेवली होती हे तुला तरी कुठं ठाऊक होतं? तू बंगल्याच्या माळ्याला जाऊन विचारून आलास. त्यानं सांगितलं की हिची आई मुंबईहून आणलेली खरी जातिवंत, बाप मात्र रत्नागिरीतलाच, कुंपणाखालून आलेला. ते दिसतच होतं. वरून बघावं तर लांब मऊ केस, डोळ्यांवर झुलपं, अगदी बंगल्यातली. आणि खाली बघावं तर वाकडे पाय नि वर वळलेली शेपटी, थेट मच्छीबाजारात हिंडणाऱ्या कुत्र्यांची. रंग असा की वहिनीनं बघता क्षणी नाक मुरडलं आणि म्हणाली, "कुळथाची पिठी सांडल्यासारखं दिसतंय." तेच नाव पडलं.

दादा, मी कुत्री बघितली आहेत. कुत्रं अंगणात असतं, रात्री भुंकतं, उरलंसुरलं खातं. हिला यातलं काही येत नव्हतं. नारळ पडला की भुंकायची, कावळा बसला की भुंकायची, आणि माझ्या दुकानातून सुंभाच्या दोरीची दोन वेटोळी चोरीला गेली त्या दिवशी दारातच होती, चोराच्या मांडीवर बसली असणार. मांडी म्हणजे तिचा जीव. उडी मारणं तिच्या वाकड्या पायांना जमत नसे. मांडी घालून बसलेल्या माणसाच्या गुडघ्यापाशी यायची, एक पाय उचलून खरवडायची, माणूस हलला नाही की शिंकायची. घेतलं नाही तर शिंकतच राहायची. शेवटी माणूस कंटाळून उचलून घेई. मग ती तीन वेळा गोल फिरायची, धपकन बसायची आणि घोरायला लागायची. एवढंसं जनावर, पण घोरणं खलाशाचं.

आणि तुझा तो संध्याकाळचा सोहळा. पडवीत बसून तू तिला मांडीवर घ्यायचास. आधी उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळ्यांचे कोपरे पुसायचे, नाहीतर तिथं तांबूस ओघळ धरायचा. मग कानात कोमट खोबरेल, कारण पावसाळी हवेत तिचे कान चिघळायचे आणि वास यायचा. मग फणी. काखेत आणि कानामागे गुंता व्हायचा, तो ओढायचा नाही, बोटांनी केस-केस सोडवायचा. पावसात हिंडून आली की पोटाखालचे केस तांबड्या मातीनं माखलेले; ते धुऊन तुझ्याच पंच्यानं पुसून चुलीजवळ धरायचं. गोचीड सापडली की चिमटीत धरून मुळासकट काढायची आणि रॉकेलच्या वाटीत टाकायची. दोरखंड ओढून ओढून तुझ्या तळहातांना खापरासारखे घट्टे पडले होते. त्या हातांनी तू बसून कुत्र्याच्या कानामागचा गुंता सोडवायचास आणि रस्त्यावरून जाणारी माणसं मुद्दाम सावकाश चालायची. बंदरावर तुला काय म्हणत होते ते तुला माहीत होतं का? मला ते तोंडावर ऐकावं लागायचं.

वैशाखात तिला उकडतं म्हणून तिचे केस कापायचे ठरले. न्हावी म्हणाला, "तांडेल, ह्या वस्तऱ्यानं मी माणसांच्या दाढ्या करतो." तू त्याचं मन वळवायला बसलास, तो उठून गेला. मग तू माझी शीड कापायची कात्री उचलून नेलीस, न विचारता. त्या कात्रीनं मी जाड कापड कापतो, तिला धार लावून आणावी लागते. तू परत आणलीस तेव्हा तिच्यात केस अडकलेले, आणि पिठी एका बाजूनं बोडकी, दुसऱ्या बाजूनं झुलपांची. मी बोललो तर म्हणालास, "दुसरी बाजू उद्या करतो. आज तिला कंटाळा आला."

खाणं तर विचारूच नको. कोरडा भात नको, आमटी नको, भाकरी हुंगून मागे सरायची. मासळी हवी, तीही मीठ न घातलेली, उकडलेली, काटे काढलेली, आणि ताटलीत नको, हातावर हवी. वहिनी तिला शिवत नसे. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकू देत नसे. पण मासळी साफ करायला बसली की चांगले मुडदुशे बाजूला काढायची आणि तुला हाक मारायची, "हे घ्या तुमच्या मड्डमसाठी."

हे सगळं मी सोसलं, कारण तुझं म्हणणं निदान सरळ होतं. दुसऱ्याची ठेव आहे, ती जशी घेतली तशी द्यायची. तू असाच होतास. पडावात राहिलेली कुणाची छत्री तू वर्षभर खुंटीला टांगून ठेवायचास.

आणि मग ती आली.

आगबोटी पावसाळ्यानंतर नुकत्या सुरू झाल्या होत्या. मड्डम कुणाकडे तरी पाहुणी म्हणून दोन दिवस उतरली होती. दुपारी तू माझ्या दुकानात बसला होतास, पिठी तुझ्या मांडीवर. रस्त्याच्या टोकाला ती बाई तिच्या बटलरबरोबर येताना दिसली. तू ओळखलंस. मला वाटलं, आता हा उठेल, केस नीट करून कुत्री तिच्या हातात देईल, आणि आपण सगळे सुटू. तू उठलास खरा. पिठीला उचललंस, माझ्या शिडाच्या कापडाच्या ढिगात ठेवलंस आणि वर आणखी एक घडी टाकलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस.

बाई दारात उभी राहिली. म्हातारी दिसत होती. मोडक्या मराठीत तिनं विचारलं, "तांडेल, माझी कुत्री कशी आहे?"

तू म्हणालास, "मेली, मड्डम."

मी हातातली सुई तशीच धरून बसलो. तुझ्या तोंडून खोटं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ते बोलून तू थांबलास का? "विचारा ह्याला," म्हणालास. बाईनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? उद्या ती बंदरावरच्या साहेबाकडे गेली, तांडेलानं कुत्री लांबवली म्हणाली, तर तुझा पडाव गेला असता आणि तुझ्या खलाशांची घरं बसली असती. मी मान हलवत होतो आणि मागे ढिगातून घोरणं सुरू झालं. तू खोकायला लागलास.

बाईनं तुझ्याकडे नीट बघितलं. तुझ्या सदऱ्याची छाती पिठीच्या केसांनी भरलेली होती. ती म्हणाली, "पावसात तिचा कान दुखायचा. गरम तेल घालायचं. जास्त गरम नाही."

तू म्हणालास, "घालतो, मड्डम. रोज घालतो."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बाई "बरं" म्हणून वळली होती आणि बटलर तिच्यामागून छत्री घेऊन चालला होता.

दुसऱ्या दिवशी तिला आगबोटीवर पोचवायला तूच गेलास. दुसऱ्या कुणाचा पडाव पाठव म्हटलं तर ऐकलं नाहीस. शिडीवर चढताना ती तुला इंग्रजीत काहीतरी म्हणाली म्हणे. काय, ते तुला कळलं नाही. घरी येईपर्यंत घोकत आलास आणि वहिनीनं दारात पाणी दिलं तेवढ्यात विसरलास. त्याच वाटेवर शाळेतले मास्तर राहतात, तिथं थांबून म्हणून दाखवलं असतंस तर अर्थ कळला असता. नाही थांबलास. घरी कान पुसायची वेळ झाली होती.

तेव्हापासून भांडणानं कूस बदलली. मी म्हणायचो, "परक्याची ठेव ना? मग दिली का नाहीस?"

तू म्हणायचास, "अर्धी तरी आपल्याकडचीच हाय ना ती. बाप इथलाच."

"म्हणजे अर्धंच खोटं बोललास?"

तू हसायचास. पण मला हसू येत नसे, दादा. कारण मला नंतर, शीड शिवता शिवता, एक गोष्ट कळली आणि ती मी तुला सांगितली. त्या बाईनं कुत्री मागितलीच नव्हती. "कशी आहे" एवढंच विचारलं होतं. तिला फक्त बघायचं असेल. पाच मिनिटं मांडीवर घेऊन ती परत गेली असती. तू तिला मेल्याचं सांगितलंस, फुकट.

तू म्हणालास, "मागितली असती तर?"

यावर आपण किती वर्षं भांडलो. तुझ्या आजारपणातही भांडलो. छातीत कफ भरला होता, डॉक्टर म्हणाले कुत्र्याला अंथरुणापासून लांब ठेवा. मी तिला माझ्या घरी नेलं. ती दारात बसून शिंकत राहिली, इकडे तू जेवेनास. दुसऱ्या दिवशी वहिनीच आली आणि म्हणाली, "भाऊजी, द्या ते. त्याच्याशिवाय ह्यांच्या पोटात अन्न जात नाय." तिनं पिठीला काखेत मारून नेलं, पहिल्यांदाच हात लावला असेल, आणि तुझ्या पायाशी टाकलं. पिठी पायाशी थांबली नाही, छातीवर चढली. डॉक्टरांना मी काय सांगितलं ते तुला कशाला हवं?

तू जायच्या आदल्या दिवशी बरा दिसत होतास. मी पुन्हा तोच विषय काढला, तुला बोलतं करावं म्हणून. म्हटलं, "खरं सांग, त्या दिवशी तुझ्या मनात काय होतं? ठेव ठेव म्हणून एवढी वर्षं नाचलास, आणि ऐन वेळी काय झालं?"

तू पिठीच्या डोक्यावर हात ठेवून पडला होतास. म्हणालास, "थांब. दमलो आता. उद्या सांगतो."

हेच मला सहन होत नाही. उद्या सांगतो म्हणून कुणी जातं का?

आता तुझ्या लाडकीचं ऐक. तुला वाटलं असेल ती अन्नपाणी सोडून दारात पडून राहील. तसलं काही झालं नाही. तुला नेल्यावर माणसं समाचाराला येऊन बसू लागली, आणि घरात एवढ्या मांड्या एकदम तिला कधी मिळाल्या नव्हत्या. ही एकीवरून दुसरीवर. तुझा पडावातला जोडीदार मोठमोठ्यानं रडत होता, त्याच्या गुडघ्याला खरवडून वर चढली आणि घोरायला लागली. मला एवढी चीड आली की तिला उचलून बाहेर फेकावं. इतकी वर्षं तू ज्या जनावराचे कान पुसलेस, त्याला तू गेल्याचा पत्ता नाही. पण त्या माणसाचं रडणं कमी झालं, हेही मी बघितलं. बोलायला शब्द नसलेली माणसं तिच्या पाठीवर हात फिरवत बसत. हातांना काहीतरी काम मिळे.

वहिनीच्या मांडीवर मात्र ती गेली नाही. वहिनी भिंतीला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, मांडी नव्हतीच. ती रडत नव्हती आणि जेवतही नव्हती. अंजनवेलीहून तुझी लेक आली, तिनं घास करून तोंडाशी धरला तरी वहिनीनं मान फिरवली. आपल्या आत्यानं रागावूनही बघितलं. वहिनी नुसत्या पाण्यावर राहिली. मला भीती वाटायला लागली, दादा, तुझ्यामागून तीही जाते की काय.

कालचं सांगतो. सुतकात घरात मासळी शिजत नाही, आणि वरणभाताकडे पिठी बघत नव्हती. तिच्या बरगड्या हाताला लागायला लागल्या होत्या. सकाळी मी वहिनीपाशी बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "भाऊजी, त्या कुत्र्यानं काय खाल्लं?"

मी म्हटलं, "काही नाही. भात देऊन बघितला."

"भात खात नाय ते. माहीत नाय तुम्हाला?"

"सुतक आहे, वहिनी."

"सुतक आपल्याला. त्याला कसलं सुतक?"

आत्यानं ते ऐकलं. "सदू, क्रियेला बसलेला तू. मासळीला हात लावशील?"

तुला मुलगा नाही, म्हणून तुझी क्रिया मी करतोय. डोक्याचं क्षौर झालेलं, अंगावर एक पंचा. वहिनी माझ्याकडे बघत राहिली. मी उठलो.

बंदरावर तुझा जोडीदार होता. त्यानं माझं बोडकं डोकं बघितलं, टोपलीत हात घातला आणि चार मुडदुशे वेचून दिले. घराच्या मागे माडाखाली मी तीन दगड मांडले, मडक्यात पाणी ठेवलं, मीठ नाही घातलं. पिठी समोर बसून शिंकत होती. मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. मोठा भाऊ जाऊन आठवडा झाला नाही, आणि मी धुरात डोळे चोळत कुत्र्यासाठी मासे उकडतोय, हे कुणी बघितलं तर काय म्हणेल, असं वाटत होतं. बघितलंही. शेजारची म्हातारी कुंपणावरून डोकावली आणि आत गेली.

मासे निवल्यावर मी चिमटीत एकेक तुकडा घेऊन चाचपायला लागलो. मोठा काटा सहज निघतो. बारीक काटे दिसत नाहीत, ते बोटांनाच शोधावे लागतात. सुईदोऱ्याची सवय असलेली माझी बोटं, तरी वेळ लागला. पहिला घास तिनं हुंगला, जिभेनं ढकलून दिला. मी तो पुन्हा चाचपला, आत केसाएवढा काटा होता. तो काढून दिला तेव्हा तिनं खाल्लं. रोज एवढा वेळ तू हे करत होतास. मला वाटायचं, संध्याकाळी बोलवलं तर दादा लवकर का येत नाही.

तिनं सगळं खाल्लं, माझी बोटं चाटली आणि माझ्या पंच्याच्या टोकाला तोंड पुसलं. मी हातपाय धुऊन आत गेलो. वहिनी तशीच भिंतीला टेकून बसली होती.

"खाल्लं?"

"खाल्लं."

"सगळं?"

"सगळं."

"काटे काढले होते ना?"

"काढले, वहिनी."

तिनं गुडघे सोडले आणि पाय पसरून बसली. बऱ्याच वेळानं लेकीला म्हणाली, "गो, पान वाढ मला."

लेक धावत आत गेली. आत्याच्या हातातली माळ थांबली. मी दारात उभा राहिलो, पुढे जायचं धाडस होईना. वहिनी खाली मान घालून सावकाश जेवली, आणि दोनदा भात मागून घेतला.